निरंक : इंग्लंडमधील मुख्याध्यापकांच्या एका वाक्याचा शोध

गेली २६ वर्षे मी एका अनुदानित माध्यमिक शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे. शाळेकडून वरच्या कार्यालयात जी माहितीपत्रके जातात, त्यांत एक शब्द मी हजारो वेळा लिहिला असेल : निरंक. शाळाबाह्य मुले निरंक. अपघात निरंक. भेदभावाच्या तक्रारी निरंक. त्या काळच्या आमच्या मुख्याध्यापकांनी तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना एकदा सांगितले होते, “आमच्या शाळेत तसं काही नाही, साहेब.” सरांनी ते प्रामाणिकपणे सांगितले होते. मीही प्रामाणिकपणे शब्द लिहिला आणि शिक्का मारला.

त्याच आठवड्यात मी मागासवर्गीय शिष्यवृत्तीची यादी घेऊन नववीच्या वर्गाच्या दारात उभा होतो. नाव वाचले की मुलाने उभे राहायचे, अर्ज घ्यायचा आणि बसायचे, अशी आमची पद्धत. एका मुलाचे नाव मी दोनदा वाचले. तो उभा राहिला नाही. तिसऱ्यांदा वाचले तेव्हा अख्खा वर्ग वळून त्याच्याकडे बघू लागला. त्या वर्षी त्याचा अर्ज आला नाही आणि पुढच्या वर्षीही नाही. तक्रारींच्या रकान्यात मी निरंकच लिहिले, कारण तक्रार कोणी केलेलीच नव्हती.

हे सुरुवातीला सांगतो, कारण पुढचा सगळा लेख दुसऱ्या देशाविषयी आहे आणि मी तिथे का गेलो हे वाचकाला कळले पाहिजे. मी कधी इंग्लंड पाहिलेले नाही. इंग्रजी शिकलो ते शब्दकोश मांडीवर घेऊन. काही वर्षांपूर्वी जुन्या पुस्तकांत ख्रिस गेन यांचे १९८७ चे एक पुस्तक हाती लागले. फक्त गोऱ्या मुलांच्या शाळांमध्ये वर्णद्वेषाविषयी कसे शिकवावे, हा त्याचा विषय. त्याच्या नावाचा अर्थ ‘इथे काही अडचण नाही’ असा होतो. तिथल्या मुख्याध्यापकांकडून वारंवार ऐकू येणारे हे वाक्य लेखकाने पुस्तकाच्या कपाळावरच मारले होते. आमच्या सरांचे वाक्य मला सातासमुद्रापार भेटले. तेव्हापासून मी इंग्लंडमधल्या मुख्याध्यापकांनी वर्णद्वेषाविषयी काय म्हटले आणि काय लिहिले ते वाचत आलो. त्यातले चार मजकूर इथे तपासायचे आहेत. मुख्याध्यापकाचे मत मी धोरण म्हणून वाचत नाही. गद्य म्हणून वाचतो. त्यात बोलते कोण, आणि कोणाला बोलू दिले जात नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

एक

पहिला मजकूर १९६९ चा. दुसऱ्या महायुद्धानंतर वेस्ट इंडीज, भारत आणि पाकिस्तानातून माणसे इंग्लंडमध्ये कामाला आली, पाठोपाठ त्यांची मुले शाळांत आली. १९६५ मध्ये शिक्षण खात्याने परिपत्रक काढले, की एखाद्या शाळेत स्थलांतरितांची मुले एक तृतीयांशापेक्षा जास्त होऊ देऊ नयेत, ती इतर शाळांत विखरावीत. मुले बसमध्ये बसून लांबच्या शाळांत जाऊ लागली. गोरी मुले मात्र आपापल्या मोहल्ल्यातच राहिली.

उत्तर लंडनच्या हॅरिंगे भागाच्या शिक्षण समितीवर आल्फ्रेड डोल्टन होते. ते हायगेट या नामांकित खासगी शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी समितीसाठी तयार केलेले टिपण बाहेर फुटले. वेस्ट इंडियन मुलांचा बुद्ध्यांक इंग्रज मुलांपेक्षा कमी भरतो हे सर्वमान्यच आहे, अशा अर्थाचे विधान त्यात होते. त्या विधानाचा सूर महत्त्वाचा आहे. त्यात राग नाही, शिवी नाही. हिशेब मांडावा तसे ते मांडलेले आहे. ‘सर्वमान्य’ म्हटले की कोणाला मान्य, हे सांगावे लागत नाही. आकड्यांच्या त्या भाषेत एकही मूल दिसत नाही. ज्या शाळांची वाटणी चालली होती, तिथल्या एखाद्या मुलाने किंवा त्याच्या आईने काय म्हटले, याला त्या टिपणात जागाच नव्हती.

पालक चिडले, संघटित झाले. त्या चळवळीच्या वातावरणातून १९७१ मध्ये बर्नार्ड कोर्ड यांची छोटी पुस्तिका आली. कोर्ड मूळचे ग्रेनाडाचे. मंदबुद्धी ठरवलेल्या मुलांच्या खास शाळांत ते शिकवत होते आणि तिथे वेस्ट इंडियन मुलांची गर्दी का, हे विचारत होते. त्यांचे म्हणणे सरळ होते. चाचण्या इंग्रज मध्यमवर्गाच्या भाषेत, शिक्षकांच्या अपेक्षा आधीच खाली, आणि पुस्तकांत काळे मूल एक तर नाही किंवा हास्यास्पद आहे. मग ते मूल आपल्याविषयीचे मत खरे करून दाखवते. त्यांच्या वर्गातली काळी मुले चित्रातली माणसे गोरीच काढत. आपल्याला तपकिरी रंगात रंगवलेले त्यांना खपत नसे. डोल्टन यांच्या टिपणात आकडे आहेत, कोर्ड यांच्या पुस्तिकेत रंगपेटी आहे. बुद्ध्यांकाच्या रकान्यात जे मावत नाही, ते त्या चित्रात आले होते.

दोन

दुसरा मजकूर रे हनीफर्ड यांचा. ब्रॅडफर्ड शहराच्या मॅनिंगहॅम भागातल्या ड्रमंड मिडल स्कूलचे ते मुख्याध्यापक. शाळेतली बहुसंख्य मुले पाकिस्तानी आणि भारतीय कुटुंबांतली होती. १९८४ मध्ये ‘सॉल्सबरी रिव्ह्यू’ या नियतकालिकात त्यांनी शिक्षण आणि वंश या विषयावर लेख लिहिला. पालकांनी शाळेवर बहिष्कार घातला, निलंबन झाले, न्यायालयात फेऱ्या झाल्या आणि १९८५ च्या अखेरीस हनीफर्ड मुदतीआधी निवृत्त झाले. काहींच्या लेखी ते वर्णद्वेष्टे ठरले, काहींच्या लेखी स्पष्टवक्तेपणाचे हुतात्मे.

मला हा माणूस दोन्ही बाजूंनी दिसतो, त्यापेक्षा गुंतागुंतीचा वाटतो. ते मँचेस्टरच्या कामगार घरातले. वयाच्या अकराव्या वर्षीच्या निवड परीक्षेत नापास झालेले. नोकरी करत, रात्री अभ्यास करत ते वर आले. त्यांच्या मुद्द्यांतले काही मुद्दे नुसते झटकून टाकण्यासारखे नाहीत. इंग्रजी पक्के झाल्याशिवाय मुलांना पुढची दारे उघडणार नाहीत, हा त्यांचा आग्रह अनेक स्थलांतरित आईबापांचाही होता. शाळेच्या वर्षात मुले महिनोन्महिने मायदेशी नेली जातात, ही तक्रार खोटी नव्हती. शाळेत उरलेल्या मोजक्या गोऱ्या मुलांचे काय, हा प्रश्नही विचारण्याजोगा होता.

पण लेख वाचताना मुद्द्यांपेक्षा त्यांतल्या माणसांकडे बघा. पालकांच्या एका सभेचे वर्णन त्यात येते. तिथे बोलायला उठलेला एक शीख गृहस्थ येतो. तो काय म्हणाला ते आपल्याला नीटसे कळत नाही. तो अर्धशिक्षित होता आणि तापट होता, एवढे कळते. पाकिस्तान देश येतो तो भ्रष्टाचार आणि अमली पदार्थ यांच्यासकट. आपल्या शाळेतल्या मुलांचे आईबाप लेखकाने असे परक्या वाचकांसमोर उभे केले, आणि ते वाचक हसतील याची त्यांना खात्री होती. एका लेखात मुख्याध्यापकाने आपले पालक सभेबाहेर काढले.

‘अर्धशिक्षित’ या शब्दाशी मी बराच वेळ थांबलो. मी बारावीनंतर कॉलेज पाहिलेले नाही. हा शब्द माझ्यासाठीही आहे. आणि खरे तर एकेकाळी तो नापासाचा शिक्का बसलेल्या हनीफर्ड यांच्यासाठीही होता. ज्याला परीक्षेने अर्ध्यावर सोडले, त्याने पुढे दुसऱ्याला तोच शिक्का मारावा, हे मला त्या लेखातले सर्वांत दुःखद वाटते. आपण कष्टाने वर आलो, तसे कोणीही येऊ शकतो, मग भेदभावाचा बाऊ कशाला, ही त्यांची मूळ समजूत आहे. ती समजूत आपल्याकडेही अनेक सज्जन मुख्याध्यापकांची आहे. स्वतःच्या चढणीचा अभिमान माणसाला दुसऱ्याच्या चढणीवरचे दगड दिसू देत नाही.

तीन

तिसरे पुस्तक वाचताना मात्र मी मोठ्याने हसलो. बेरिल गिलरॉय १९२४ मध्ये ब्रिटिश गियानात जन्मल्या. तिथे प्रशिक्षित शिक्षिका असूनही १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये त्यांना शिक्षिकेची नोकरी मिळेना. कार्यालयात हलकी कामे केली, एका बाईंच्या घरी चाकरी केली, मग शाळा मिळाली. १९६९ मध्ये त्या वेस्ट हॅम्पस्टेडमधल्या बेकफर्ड प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. इंग्लंडमधल्या पहिल्या काही कृष्णवर्णीय मुख्याध्यापकांत त्यांची गणना होते. ‘ब्लॅक टीचर’ हे त्यांचे आत्मकथन १९७६ चे.

या पुस्तकात मुले सारखी बोलतात. त्यांच्या कातडीविषयी, केसांविषयी तोंडावर प्रश्न विचारतात. घरी ऐकलेले शब्द जसेच्या तसे वर्गात आणून टाकतात. गिलरॉय दुखावतात आणि ते लपवत नाहीत. पण मुलाच्या तोंडचा अपशब्द त्या मुलाचाच आहे, असे त्या धरून चालत नाहीत. तो कुठून आला याचा माग काढतात आणि त्या मुलाशी बोलत राहतात. शिक्षक-खोलीतल्या सहकाऱ्यांचे मौन त्यांना अधिक बोचते. वर्णद्वेषाविषयी ‘धडा’ असा त्यात क्वचितच सापडेल. रोजच्या वर्गात तो विषय येतो तेव्हा त्या त्याला वाट देतात.

काही वाचकांना हे अपुरे वाटेल. एका बाईंच्या प्रतिभेवर आणि सहनशीलतेवर व्यवस्था सोडता येत नाही, हा आक्षेप मलाही मान्य आहे. सगळे शिक्षक गिलरॉय नसतात. शिवाय ज्याला घाव बसतो त्यानेच नेहमी समजूत घालायची, हा कसला न्याय? तरी या पुस्तकातली एक गोष्ट मला इतर तिन्ही मजकुरांत सापडली नाही. इथे मुख्याध्यापिकेला मुलांची तोंडे पाठ आहेत.

ज्या शाळेच्या त्या प्रमुख होत्या, त्या शाळेचे नाव गुलाम बाळगणाऱ्या बेकफर्ड घराण्याचे होते. ते नाव बदलायला २०२१ साल उजाडले.

चार

चौथा मजकूर मुख्याध्यापकाचा नाही. एका मुख्याध्यापकाच्या शाळेची ती चौकशी आहे, आणि माझ्या मते या विषयावरचे ते सर्वांत मोलाचे वाचन आहे.

१७ सप्टेंबर १९८६. मँचेस्टरच्या बर्नेज हायस्कूलच्या मैदानात अहमद इक्बाल उल्लाह या १३ वर्षांच्या बांगलादेशी कुटुंबातल्या मुलाला त्याच शाळेतल्या एका गोऱ्या मुलाने भोसकून मारले. लहान आशियाई मुलांना त्रास दिला जात असताना अहमद मध्ये पडला होता. शहराच्या महापालिकेने चौकशी समिती नेमली. वकील इयन मॅकडॉनल्ड अध्यक्ष, आणि गस जॉन, रीना भवनानी, लिली खान हे सदस्य. अहवाल तयार झाल्यावर महापालिका तो छापायला धजेना. शेवटी १९८९ मध्ये तो स्वतंत्रपणे पुस्तकरूपाने आला.

आता यातली मेख अशी, की बर्नेज ही ‘आमच्याकडे काही अडचण नाही’ म्हणणारी शाळा नव्हती. तिच्याकडे वर्णद्वेषविरोधी धोरण होते, कागदपत्रे होती, बैठका होत्या. समितीने विचारले, मग हे धोरण पोहोचले कोणापर्यंत? उत्तर फार अवघड होते. धोरण वरून आले होते. गोरी कामगारवर्गीय मुले आणि त्यांचे आईबाप त्यात कुठे सामील नव्हते. ते जणू जन्मजात आरोपी होते. वर्गभेदाचा, मुलग्यांच्या शाळेतल्या दांडगाईचा, शिक्षकांच्या आपसांतल्या भांडणांचा विचार बाजूला ठेवून वर्णद्वेष हा एकटाच वेगळ्या फायलीत घातला होता. हत्येनंतर गोऱ्या विद्यार्थ्यांना अहमदच्या अंत्यविधीपासून दूर ठेवण्यात आले. त्यांतले काही त्याचे मित्र असतील, त्यांनाही रडायचे असेल, हे धोरणाच्या भाषेत बसत नव्हते.

अहवाल बाहेर येताच अनेक वृत्तपत्रांनी सोयीचा अर्थ काढला, की बघा, वर्णद्वेषविरोधाच्या अतिरेकामुळेच हे झाले. समितीच्या सदस्यांना जाहीरपणे सांगावे लागले, की आम्ही असे म्हटलेले नाही. ही हत्या वर्णद्वेषातूनच झाली आणि शाळांनी वर्णद्वेषाविरुद्ध काम केलेच पाहिजे, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांची टीका पद्धतीवर होती. एकाच अहवालाचा असा उलटा वापर होताना पाहून मला वाटते, ज्यांना काहीच करायचे नसते त्यांना चुकीच्या पद्धतीने काही करणारा माणूस फार आवडतो. त्याच्याकडे बोट दाखवता येते.

या अहवालाने माझी एक सोपी समजूत मोडली. मला वाटायचे, ‘निरंक’ लिहिणारी शाळा वाईट आणि धोरण लिहिणारी चांगली. बर्नेजने दाखवले, की धोरणाची जाड फाईलसुद्धा एक प्रकारचे निरंकच असू शकते. दोन्ही ठिकाणी मुलाला विचारायचे राहून जाते.

पाच

पुढचा इतिहास थोडक्यात. १९९३ मध्ये लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या तरुणाची हत्या झाली. पोलिसांच्या तपासावरचा मॅकफर्सन अहवाल १९९९ मध्ये आला. त्याच्या ७० शिफारशींत काही शाळांविषयीच्या होत्या : अभ्यासक्रमाने वर्णद्वेष रोखायला हातभार लावावा, शाळांनी वर्णद्वेषी घटनांची नोंद ठेवावी आणि त्यांची संख्या दरवर्षी जाहीर व्हावी. हेतू स्वच्छ होता. पण कार्यालयात बसणाऱ्या माणसाला पुढचे लगेच दिसते. ज्या शाळेत मुले विश्वासाने सांगतात तिथे आकडा वाढतो आणि शाळा वाईट दिसते. जिथे कोणी सांगत नाही तिथे शून्य येते आणि शाळा आदर्श ठरते. नोंदीचा नियम चांगला, पण त्या रकान्याला मौन आणि शांतता यांतला फरक कळत नाही.

आज वेल्समध्ये २०२२ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात कृष्णवर्णीय, आशियाई आणि इतर अल्पसंख्य समाजांचा इतिहास शिकवणे बंधनकारक आहे. इंग्लंडमध्ये मात्र २०१३ च्या इतिहासाच्या अभ्यासक्रमात अटलांटिकवरील गुलामांचा व्यापार केवळ सुचवलेल्या उदाहरणांत आहे. शिकवायचे की नाही, किती शिकवायचे, हे बरेचसे शाळेवर. ऑक्टोबर २०२० मध्ये सरकारतर्फे पार्लमेंटमध्ये बजावण्यात आले, की ‘गोरेपणाचा विशेषाधिकार’ ही कल्पना निर्विवाद सत्य म्हणून शिकवणारी शाळा कायदा मोडते. २०२२ मध्ये राजकीय निःपक्षपातीपणाविषयी मार्गदर्शक सूचना निघाल्या. विचार केला तर ‘निर्विवाद म्हणून शिकवू नका’ या वाक्यात चूक काढणे कठीण आहे. पण घाबरलेल्या मुख्याध्यापकाला ते ‘शिकवू नका’ एवढेच ऐकू येते, हे कुठल्याही शाळेतला शिपाईसुद्धा सांगेल.

सहा

या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय, असे विचारले जाईल. नाते जुने आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्याने जात ही वंशाची एक बाजू म्हणून धरण्याचा अधिकार सरकारला दिला, २०१३ मध्ये संसदेने त्याचे कर्तव्यात रूपांतर केले आणि २०१८ मध्ये सरकारने ते न करण्याचे ठरवले. म्हणजे आपला प्रश्नही आता तिथल्या कागदांवर आहे. तरी जात आणि वंश एकच मानू नयेत. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच जातीचा वांशिक सिद्धान्त नाकारला होता. आपली भाषाही इथे सावध करते. ‘वर्णद्वेष’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दक्षिण आफ्रिका येते. पण त्या शब्दातला ‘वर्ण’ कातडीचाही आहे आणि चातुर्वर्ण्याचाही. परक्या देशाचा दोष सांगायला घेतलेल्या शब्दात आपला दोष आधीच बसलेला होता.

साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले. तो दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. लिपिक म्हणून मला त्या नोंदवहीचे रकाने पाठ आहेत : नाव, जन्मतारीख, जात, दाखल तारीख. बसायचे गोणपाट घरून आणावे लागे आणि शिपाई नसला तर पाणी मिळत नसे, हे आपल्याला ठाऊक आहे ते त्या मुलाने मोठेपणी लिहिले म्हणून. नोंदवहीत त्यासाठी रकाना नव्हता. माझ्या वर्गातल्या त्या मुलाने अजून काही लिहिलेले नाही.

शिष्यवृत्तीची यादी मी आता वर्गात वाचत नाही. अर्ज मधल्या सुट्टीत कार्यालयात देतो. एवढाच माझा सुधार, आणि तोही फार उशिरा. यंदा माहितीपत्रक आले तेव्हा तक्रारींचा रकाना कोरा ठेवून मी ते सध्याच्या मुख्याध्यापिका बाईंकडे नेले.

“हे राहिलंय का?” त्यांनी विचारले.

“राहिलं नाही, बाई. आपण मुलांना कधी विचारलं नाही, म्हणून लिहिलं नाही.”

बाईंनी चष्मा काढला. त्या चिडल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, “विचारायचं म्हणजे नेमकं काय विचारायचं? आणि ते मूल जे सांगेल, त्याचं आपण पुढे काय करणार?”

चार मजकूर वाचून आलेल्या माझ्याकडे उत्तर नव्हते. मी त्यांना गिलरॉय यांच्या पुस्तकाविषयी सांगितले, बर्नेजविषयी सांगितले. त्यांनी बर्नेजच्या मुलाचे वय विचारले. मी सांगितले, १३. “म्हणजे आठवीतला,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी माहितीपत्रक तसेच टेबलावर ठेवले आणि सोमवारी आठवीच्या वर्गशिक्षकांना बोलवायला सांगितले.